आपले साडेसहा

शुक्रवारी रात्री जेवून हात धुतो न धुतो तोच अण्णांचा फोन येतो. विषय ठरलेला.

"रविवारी साडेसहा."

"हो अण्णा."

"आपले साडेसहा."

मी साताऱ्यात, अण्णाही साताऱ्यात. मध्ये फार तर दीड किलोमीटर आणि पोवई नाका. पण 'आपले' म्हटल्याशिवाय अण्णा फोन ठेवत नाहीत. रविवारच्या त्यांच्या ऑनलाइन कुटुंबमेळाव्याला मी नात्यानं कुणीच लागत नाही. लॅपटॉपमधून आवाज येईनासा झाला की मी लागतो.

सातारा-सांगली पट्ट्यात ही जमात अलीकडं फार फोफावली आहे. ओळखायची खूण सोपी. घरात माणसं दोन, खोल्या पाच आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर घड्याळं चार. प्रत्येक घड्याळाखाली चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी: 'चिरंजीव', 'ताई', 'सिडनी', 'आपलं'. साताऱ्यात शाहूपुरीत जा नाहीतर सांगलीत विश्रामबागेत जा, अशा घरात चहा यायच्या आत न्यूजर्सीत किती वाजले ते तुम्हाला सांगितलं जातं. तुम्ही विचारायची गरज नसते. यांतले कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी हायस्कुलातून, कुणी पाटबंधारे खात्यातून. मी सगळ्यांना अण्णाच म्हणतो. पुढं जे सांगणार आहे त्यात दोन-तीन अण्णांचा ऐवज एकत्र कालवला आहे, तेव्हा कुणी एकट्यानं अंगाला लावून घेऊ नये.

मुख्य अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभी हयात काचेच्या खोलीत बसून भोंग्यावरून गाड्या पुकारण्यात गेली. अजूनही ते घरात बोलतात तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसाला पिशवी उचलून उभं राहावंसं वाटतं. सहा वाजून वीस मिनिटांनी त्यांच्या घरी गेलं की हे कानावर पडतं: "माई, सहा-तीसची मीटिंग दहा मिनिटांत लागेल. चष्मा कुठाय?" मीटिंग 'सुरू होते' असं ते म्हणत नाहीत. लागते. फलाटाला गाडी लागते तशी.

साताऱ्याहून सुटणारी गाडी म्हटलं की तिचे थांबे आले. कालनिर्णयच्या जुन्या पुठ्ठ्यावर अण्णांनी लाल-निळ्या पेननं त्यांचा तक्ता आखला आहे. सिडनीचा पुतण्या म्हणजे मुक्कामी गाडी. आपले साडेसहा म्हणजे त्याचे रात्रीचे अकरा, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत सरळ बारा. न्यूजर्सीचा चिरंजीव म्हणजे सकाळची पहिली गाडी, उन्हाळ्यात नऊची, हिवाळ्यात आठची. लंडनची ताई दुपारची, कधी दोनला, कधी एकला. आणि अण्णांची बहीण, सांगलीच्या अक्का, त्यांची मुलगी अॅरिझोनात, फिनिक्सला. तिथं घड्याळाला कुणी हात लावत नाही, म्हणून ती बारा महिने पहाटे सहाला, केस न विंचरता. अण्णांच्या मते सगळ्या अमेरिकेत शहाणं राज्य तेवढं एकच. तसं हवाई बेटांवरही घड्याळ हलवत नाहीत, पण हवाईत आपलं कुणी नसल्यामुळं ती बेटं अण्णांच्या नकाशात नाहीत. अॅरिझोनातही नवाहो लोकांच्या मुलखात घड्याळ फिरतं, हे मी अण्णांना अजून सांगितलेलं नाही. एका माणसाला किती दुखवायचं!

लंडनची वेळ काढायला मात्र अण्णांना तक्ता लागत नाही. त्यांची एक युक्ती आहे आणि नव्या पाहुण्यासमोर ती केल्याशिवाय त्यांना राहवत नाही. मनगटावरचं घड्याळ सोडायचं, तळहातावर ठेवायचं आणि उलटं फिरवायचं, बाराच्या जागी सहा येतील असं. मग आकड्यांकडं न बघता काट्यांच्या जागा वाचायच्या. साडेसहा वाजलेले असले तर समोर एक वाजल्यासारखा दिसतो. आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं, त्यामुळं मिनिटकाटा चोख बसतो, तासकाटा अर्ध्या घरानं मागं राहतो तेवढं चालवून घ्यायचं. पाहुणा चकित होतो. अण्णा पट्टा लावत लावत खालच्या आवाजात म्हणतात, "फक्त मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर हे चालत नाही." म्हणजे वर्षातले सात महिने युक्ती बंद. पण पाहुणे बहुतेक दिवाळीनंतरचेच बोलावलेले असतात.

साडेपाचातल्या त्या 'साडे'चा अण्णांना विलक्षण अभिमान. न्यूजर्सीच्या नातवानं एकदा विचारलं, "आजोबा, तुमचा टाइम असा हाफ का?" अण्णांनी खाकरून घसा साफ केला. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, साडेब्याऐंशी रेखांशाची रेषा मिर्झापूरजवळून जाते, तिच्यावरून १९०६ पासून आपली वेळ मोजतात, असं सविस्तर सांगितलं. नातवाला एवढ्यातला मिर्झापूर तेवढा ओळखीचा निघाला, पण निराळ्या कारणानं. तो उत्साहानं काही बोलायला लागला तोच सुनेनं त्याचा माइक बंद केला.

वर्षातून दोनदा परदेशातली घड्याळं तासभर इकडंतिकडं सरकतात, हे अण्णांना कळायला वेळ लागला नाही. पचायला लागला. शेवटी त्यांनी ते पंचांगाच्या वाटेनं पचवलं. मार्चमध्ये एक तास गिळतात, तो 'क्षय तास'. नोव्हेंबरात परत ओकतात, तो 'अधिक तास'. तिथीचा क्षय होतो, महिना अधिक येतो, मग तासाला काय धाड भरली आहे? हा शोध त्यांनी अक्कांना ऐकवला तेव्हा अक्कांनी सांगलीहून एवढंच विचारलं, "अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण देतो. अधिक तासात काय देतात रे? एक अनारसा?"

पण अक्कांना या तासाचा खरा दणका न्यूजर्सीच्या नातवाच्या पत्रिकेच्या वेळी बसला होता. नातू अमेरिकेतला, जून महिन्यातला. जन्मवेळ घेऊन अक्का सांगलीत ज्योतिषांकडं गेल्या. ज्योतिषी जाणता होता. त्यानं कागदावरून नजर वर न करता विचारलं, "ही उन्हाळी वेळ की खरी वेळ?" लग्नरास दोन तासांच्या आसपास बदलते, त्यातला एक तास घड्याळानंच चोरलेला असला तर सिंहेचा मुलगा कर्केचा व्हायचा. अक्का घरी आल्या त्या अमेरिकन सरकारवर चिडूनच. आमच्या पोराच्या राशीशी खेळतात म्हणजे काय!

हा उद्योग काढला कुणी, याचाही छडा अण्णांनी माझ्याकडून लावून घेतला. न्यूझीलंडात जॉर्ज हडसन नावाचे एक गृहस्थ होते, नोकरी टपाल खात्यात आणि नाद कीटक गोळा करायचा. कामावरून सुटल्यावर किडे पकडायला उजेड हवा, म्हणून उन्हाळ्यात घड्याळं चक्क दोन तास पुढं करावीत असं त्यांनी १८९५ साली सुचवलं. पुढं पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मनीनं देशभर घड्याळ पुढं केलं आणि मग सगळ्यांनाच ती चटक लागली. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मुळात किडाच," ते म्हणाले.

घड्याळ फिरवणाऱ्यांच्या बाजूनं एक गोष्ट कबूल करायला हवी. लंडनला जूनमधला दिवस सोळा तासांच्या वर जातो आणि डिसेंबरातला आठाच्या खाली येतो. तिथं उजेडासाठी ही ओढाताण निदान समजू शकते. साताऱ्यात मोठ्यात मोठा आणि लहानात लहान दिवस यांत फरक पडतो जेमतेम दोन तासांचा. अजिंक्यताऱ्यावर ऊन साधारण ठरल्या वेळी चढतं आणि ठरल्या वेळी उतरतं. त्यासाठी घड्याळाला हात लावायचं कारण नाही.

"आपल्याकडं असली थेरं कधीच चालली नाहीत," हे अण्णांचं लाडकं वाक्य. एकदा मला खोडी काढायची हुक्की आली. म्हटलं, "अण्णा, चालली होती. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, दुसऱ्या महायुद्धापायी इंग्रज सरकारनं सगळ्या हिंदुस्थानचं घड्याळ तासभर पुढं करून ठेवलं होतं."

अण्णा गप्प झाले. सुपारी कातरायची थांबली. मला वाईट वाटायला लागलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला.

"बेचाळीस ते पंचेचाळीस? म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं तेव्हा!"

"हो, त्रेचाळीसला सुरू झालं."

"मग झालं तर. साताऱ्यानं सरकारच मानलं नव्हतं, तर घड्याळ कशाला मानेल?"

या सिद्धान्ताला कागदोपत्री काय आधार, ते विचारायच्या भानगडीत मी पडलो नाही. पुढच्या रविवारी त्यांनी तो मीटिंगमध्ये मांडला. वर "तुमची सांगलीसुद्धा तेव्हा आमच्याच जिल्ह्यात, एकोणपन्नासला फुटून दक्षिण सातारा झालात," अशी पुस्ती जोडली. अक्का कशाला ऐकतात! "वाळवा-तासगाव तुमच्यात होतं. सांगली पटवर्धनांचं संस्थान होतं, कुणाच्यात नव्हती," म्हणाल्या. यात चाळीस मिनिटं संपली. फुकटातली मीटिंग तेवढीच चालते. सिडनीचा पुतण्या मध्यरात्रीपर्यंत जागून एकही शब्द न बोलता झोपायला गेला.

खरा घोटाळा पुढंच आहे. २०२४ चा मार्च सुरू झाला. अण्णांचा तक्ता तोवर भारतीय वेळेवर चालायचा आणि बदल झाला की अण्णा घरोघर फोन करून कळवायचे. त्या वर्षी अमेरिकेनं घड्याळ फिरवलं १० मार्चला, इंग्लंडनं ३१ मार्चला, आणि सिडनीवाल्यांनी उलट्या दिशेनं ७ एप्रिलला. साताऱ्याचं घड्याळ जागचं हललं नाही, पण चार आठवड्यांत तक्ता तीनदा खोडावा लागला. मधले तीन आठवडे ताई आणि चिरंजीव यांच्यातलं पाच तासांचं अंतर चारच उरलं होतं, त्यामुळं ती दोघं आपसात ठरवून फोन करायची तेसुद्धा चुकू लागलं. त्यात अण्णांचे फोन. एक फोन न्यूजर्सीत पहाटे साडेतीनला वाजला. उचलणारा घाबरून उठला, तर पलीकडून घोषणा: "येत्या रविवारपासून तुम्ही आठऐवजी नऊला."

चिरंजीव इंजिनिअर. सांगलीच्या वालचंदमधून शिकून गेलेला. त्यानं ठरवलं, यावर कायमचा इलाज करायचा. त्यानं आपल्या कॅलेंडरवर मीटिंग टाकली: दर रविवारी, सकाळी नऊ, पुढं अनंत काळ. सगळ्यांना निमंत्रण धाडलं. "बाबा, आता फोन करायचा नाही. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर ज्याची त्याची वेळ आपोआप दिसेल." अण्णांच्या मोबाइलवर साडेसहा दिसले. अण्णांनी तक्त्याशी ताडून पाहिलं. बरोबर. मुलगा हुशार, असं त्यांनी माईंना सांगितलं. पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा सुखात गेला.

यातली ग्यानबाची मेख कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. अशी दर आठवड्याची मीटिंग ज्या गावच्या घड्याळावर नोंदवलेली असते, त्या गावाला ती चिकटून राहते. बाकीच्यांनी तिच्यामागं फरफटत जायचं. अण्णांच्या भाषेत सांगायचं तर हा सातबारा आहे. कसणारे पाच असोत, पंधरा असोत, नाव एकाचं. आणि एप्रिलपासून मीटिंगच्या सातबाऱ्यावर सातारचं नाव उतरून न्यूजर्सीचं चढलं होतं. तलाठ्यानं साधी नोटीससुद्धा काढली नव्हती.

३ नोव्हेंबर २०२४. रविवार. भाऊबीज. आणि नेमका त्याच पहाटे अमेरिकेचा अधिक तास.

मी सव्वासहालाच हजर होतो, कारण त्या दिवशी आवाज गेला असता तर माझी धडगत नव्हती. अण्णा पाटावर, कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, समोर स्टुलावर लॅपटॉप. माईंनी पाटाभोवती रांगोळी काढली होती, स्टुलाभोवतीही. कार्यक्रम छापील असल्यासारखा ठरलेला: आधी सांगलीहून अक्का अण्णांना ओवाळणार, मग लंडनहून ताई न्यूजर्सीच्या भावाला, शेवटी फिनिक्सची भाची उरलेल्या सगळ्यांना घाऊक. बरोबर साडेसहाला अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली.

"काय म्हणतंय?"

मी भाबडेपणानं भाषांतर केलं. "यजमान आल्याशिवाय सुरू होणार नाही म्हणतंय."

अण्णा पाटावर होते. टोपी घातलेली होती. कपाळाला माईंनी आधीच एक बोट कुंकू लावलं होतं.

"मग मी कोण बसलोय इथं?" ते म्हणाले.

त्यानंतरचा तास मी विसरणार नाही. न्यूजर्सीला फोन लावला. तिथं सकाळचे आठ, फोन मुका करून ठेवलेला, आणि माणसं वर्षातून एकदा मिळणारा अधिक तास झोपून भोगत होती. अक्कांचा सांगलीहून फोन: "अरे, निरांजन लावून बसले आहे, तुझा काचेचा डबा उघडत का नाही?" सिडनीचा पुतण्याही अण्णांच्या पुठ्ठ्यावरच श्रद्धा ठेवून झब्बा घालून मध्यरात्री बसला होता. त्याला निराळीच चिंता. "काका, इथं सोमवार लागला. माझी भाऊबीज गेली का?" अण्णांनी एवढ्या संतापातही निवाडा दिला. "वार तुझा बदलला असेल. तिथी चंद्रावर चालते, ती साऱ्या जगाची एकाच क्षणी संपते. कालनिर्णय बघ, रात्रीपर्यंत बीज आहे. बैस." मला हे उत्तर फार आवडलं. एवढ्या तक्त्या-घड्याळांत भानगडीवाचून चालणारी तेवढी एकच वेळ होती आणि ती भिंतीवर खिळ्याला लटकत होती.

सातला माईंनी विचारलं, पाटावरून उठता का? अण्णा नाही म्हणाले. आयुष्यभर लोकांना थांबायला लावलेल्या माणसानं उठायचं कसं? सव्वासातला त्यांचा घसा आपोआप साफ झाला. "न्यूजर्सीहून येणारी मीटिंग अनिश्चित काळासाठी उशिरा धावत आहे," असं ते खोलीत कुणाकडंही न बघता म्हणाले. तोवर सांगलीत निरांजनात तूप तिसऱ्यांदा घालून झालं होतं.

साडेसातच्या ठोक्याला पडदा उघडला. चिरंजीव न्हाऊन, भांग पाडून, हातात कॉफीचा मग घेऊन प्रसन्न. ताई वेळेवर. भाची पहिल्यांदाच केस विंचरून, कारण तिला त्या दिवशी सहाऐवजी सात मिळाले होते. सगळ्यांचे मोबाइल बरोबर होते. अण्णांचा मोबाइलही आठवडाभर साडेसातच दाखवत होता, पण पुठ्ठा असताना मोबाइल बघतो कोण?

"बाबा, आम्ही अगदी ऑन टाइम आहोत," चिरंजीव म्हणाला.

"कुणाच्या?" अण्णांनी विचारलं.

ओवाळणं झालं. सिडनीचा पुतण्या रात्री एक वाजता बसल्या बसल्या घोरत होता. भाचीनं त्याला तशा अवस्थेतच ओवाळलं. जाग आल्यावर त्यानं विचारलं, "किती पाठवू?"

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "फेरफार करायचा." मी चिरंजीवाची मीटिंग बंद करायला लावली, अण्णांच्या नावानं नवी टाकली: दर रविवारी, साडेसहा, भारतीय वेळ. तेव्हापासून हिवाळ्याचे चार महिने न्यूजर्सीची सून आठ वाजता कॅमेरा बंद करून हजर असते. चौकोनात तिचा गेल्या गणपतीतला, नथ घातलेला फोटो दिसतो आणि त्यामागून कधी मिक्सरचा, कधी नुसताच श्वासाचा आवाज येतो. अण्णा त्या फोटोलाही "काय, बरी आहेस ना?" विचारतात. हजेरी पूर्ण भरते. निमंत्रण सगळ्यांच्या मोबाइलवर आहे, तरी शुक्रवारचे फोन चालूच आहेत. मला वाटतं, मीटिंगपेक्षा ते फोनच अण्णांना प्यारे आहेत.

२०२५ ची भाऊबीज २३ ऑक्टोबरला आली, गुरुवारी. अक्कांनी आधीच निक्षून सांगितलं, "यंदा मी काचेवर ओवाळणार नाही. जन्मभर सांगलीची गाडी पुकारलीस, एकदा तीत बसून ये. संध्याकाळी साडेसहाला ताट तयार असेल. आपले साडेसहा."

अण्णा दुपारीच साताऱ्याच्या स्टँडवर पोहोचले. हातात कंदी पेढ्यांचा पुडा. गाडीला पंधरा मिनिटं होती, म्हणून सहज काचेच्या खोलीत डोकावले. आत नवा पोरगा बसला होता. सणाच्या जादा गाड्या कशा लावाव्यात, यावर अण्णांनी त्याला दोन शब्द सांगायला घेतले. पोरगा आदबशीर, उभा राहून ऐकत होता. मध्येच त्यानं भोंगा उचलून कऱ्हाड, पेठ नाका, सांगली असं काहीतरी पुकारलं. अण्णांनी त्याचा उच्चार सुधारला आणि पुन्हा विषयाकडं वळले. गाडी काचेबाहेरून, त्यांच्या डोळ्यांदेखत, वेळेवर सुटली.

पुढची मिळाली ती ठिकठिकाणी थांबत गेली. सांगलीत अक्कांच्या दारात पोहोचायला पावणेआठ झाले. दार उघडंच होतं. अक्का ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या. निरांजन नुकतंच भरलेलं. त्यांनी भावाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काय रे," त्या म्हणाल्या, "साताऱ्यानंही घड्याळ मागं घेतलं का?"